कोशिंबीर, सलाड आणि रुग्णाचा अग्नी

मधुमेह व स्थौल्याचे रुग्ण हल्ली पथ्य विचारण्यापूर्वीच सांगून टाकतात, ‘‘डॉक्टरसाहेब, रात्रीचे जेवण सोडले, आता फक्त सलाड खातो.’’ वडसा (देसाईगंज) सारख्या धानपट्ट्यातील गावातही हे वाक्य आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते. थोडी अधिक विचारपूस केली की आध्मान, आंबट ढेकर, पहाटे लागणारी घाईची शौचाची संवेदना या तक्रारी निघतात. साखर उतरविणाऱ्या गोळ्या पूर्वीच्याच मात्रेत घेऊन भात-पोळी एकाएकी बंद करणाऱ्यास तर रात्री घाम, कंप, ग्लानी होऊन रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. म्हणून ‘सलाड खा’ एवढेच चिठ्ठीवर लिहिणे आम्हांस अपुरे वाटते. कोणते, किती, केव्हा आणि कशासोबत, हे सांगितल्याशिवाय ते पथ्य होत नाही.

कच्चे खाणे आयुर्वेदास अमान्य आहे, असा एक समज आपल्यातही आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 27 व्या अध्यायात शाकवर्गाहून वेगळा हरितवर्ग सांगितला आहे. आर्द्रक, मूलक, यवानी, धान्यक, पलाण्डु, लशुन ही त्यातील द्रव्ये पाहिली की एक गोष्ट चटकन ध्यानात येते. ती बहुतांशी कटुरसाची, उष्ण, रुची व अग्नी वाढविणारी आहेत आणि पानात तोंडी लावण्यापुरतीच घेतली जातात. काकडीवर्गातील त्रपुस व एर्वारुक मात्र शाकवर्गात येतात, आणि त्यांस गुरु, विष्टंभी, शीत म्हटले आहे. पानांच्या भाज्या तर शिजवून, रस पिळून, भरपूर स्नेह घालून खाव्यात असा संकेत आहे. आजच्या सलाडाच्या वाडग्यात प्रमाण नेमके उलटे असते: काकडी, कोबी, पाने भरपूर, आले-कांदा नावापुरता, स्नेह वर्ज्य.

आमच्या घरच्या कोशिंबिरीने हा तोल कधीच साधला आहे. काकडीच्या गुरु-शीत गुणावर जिरे-हिंगाची फोडणी, लिंबू, मीठ, मिरची व सांबार. रुक्षतेवर शेंगदाण्याचा कूट. इंग्रजीत ज्यास ‘ड्रेसिंग’ म्हणतात ते हेच. (आपल्या व्यवसायात तो शब्द जखमेच्या पट्टीसाठी रूढ असल्याने रुग्ण क्षणभर गोंधळतात!) पाश्चात्त्य पद्धतीत साधारण 3 भाग तेल व 1 भाग आंबट द्रव असे प्रमाण धरतात. वजन कमी करू इच्छिणारे पहिल्याने हे तेलच गाळतात. परंतु गाजर-टमाटरातील कॅरोटिनॉइड द्रव्ये स्नेहातच विरघळतात. 2004 साली अमेरिकेतील आयोवा राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्नेहविरहित ड्रेसिंगसह सलाड खाणाऱ्यांच्या रक्तात ही द्रव्ये जवळजवळ उतरलीच नाहीत. स्नेहाचा आग्रह केवळ ग्रंथप्रामाण्याचा नाही, हे रुग्णास यावरून पटविता येते.

घरी करावयाचे ड्रेसिंग अगदी सोपे आहे. पाव चमचा मोहरी बारीक वाटून थंड पाण्यात चांगली फेसावी व 10 मिनिटे ठेवावी. गरम पाणी वापरल्यास तिचा झणका येत नाही. मग 1 चमचा लिंबाचा रस, चिमूटभर सैंधव, मिरपूड व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून 3 चमचे तेल थेंबथेंब मिसळत घोटावे. मोहरीमुळे तेल व आंबट रस लवकर फाटत नाहीत. एवढे तिघा-चौघांस पुरे होते. पित्तप्रकृतीच्या किंवा अम्लपित्ताच्या रुग्णास मोहरी वगळून आले व धने द्यावेत. मीठ मात्र वाढतेवेळीच. आधी घातल्यास काकडीस पाणी सुटून सारे ड्रेसिंग तळाशी जाते. कोबी व जून मुळ्याच्या बाबतीत हाच गुण उपयोगी पडतो: किसून, मीठ लावून, पिळून घेतल्यास ते पचावयास सोपे जातात. कोवळा मुळा दोषहर व जून मुळा त्रिदोषकर, हा भेद बाजारात मुळा निवडतानाही लक्षात ठेवावा.

तेल कोणते? विदर्भात जवस घरचाच. त्याच्या तेलातील निम्म्याहून अधिक स्निग्धाम्ले ओमेगा-3 प्रकारची असतात, म्हणून त्याचा हल्ली गाजावाजा आहे. चरकांनी अतसीतैल वातात हितकर पण रक्तपित्त प्रकुपित करणारे सांगितले आहे. घोळणा फुटणाऱ्या किंवा रक्तार्शाच्या रुग्णास आम्ही ते देत नाही. शिवाय हे तेल हवेने व उष्णतेने फार लवकर खवट होते. औषधी दुकानदार बंधूंनी मोठ्या पारदर्शक बाटल्या उन्हाच्या बाजूस मांडू नयेत. लहान, गडद रंगाच्या बाटल्या थंड जागी ठेवाव्यात. ग्राहक व्हिनेगर मागतात तेव्हा ते पाण्यात वा तेलात मिसळूनच घ्यावे, निर्भेळ घेतल्यास दातांचे कवच झिजते, हेही सांगावे. आमच्या मते लिंबू मिळत असताना त्याची गरजही नाही.

दह्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रात्री दही नको. शरद, ग्रीष्म व वसंतात ते बहुधा गर्ह्य. घृत, शर्करा, मुद्गयूष, मध किंवा आमलकी यांवाचून ते घेऊ नये. आणि आपल्याकडे दही-काकडी खातात ती ऐन उन्हाळ्यात! सरसकट मनाई कोणी पाळत नाही. म्हणून आम्ही दुपारीच, ताज्या गोड दह्याची, तुपाची फोडणी व पाव चमचा आवळाचूर्ण घातलेली कोशिंबीर सांगतो. कफाचा किंवा शोथाचा रुग्ण असल्यास दह्याऐवजी ताक.

पावसाळ्यात अग्नी मंद असतो आणि भाजीवर माती, जंतांची अंडी येतात. फीतकृमीची अंडी पोटात गेल्यास मेंदूत गाठी होऊन झटके येऊ शकतात. या दिवसांत कच्ची पाने पूर्ण बंद करून गाजर, बीट, मोड आलेले मूग वाफवून त्यांवर वरील ड्रेसिंग घालावे. ग्रहणीच्या रुग्णास व दात गेलेल्या वृद्धास हाच प्रकार बाराही महिने. निरोगी प्रौढास दुपारच्या जेवणात साधारण एक वाटी पुरे.

फ्रूट सलाडविषयी मात्र तडजोड नको. दुधाशी सर्व आंबट द्रव्ये विरुद्ध सांगितली आहेत आणि त्या फलयादीत केळेही आहे. मुळा खाऊन वर दूध घेतल्यास कुष्ठाचे भय सांगितले आहे. त्वचाविकाराच्या रुग्णास हा प्रश्न आवर्जून विचारावा. फळेच हवी असतील तर पेरू, पपई, डाळिंब यांवर लिंबू, काळे मीठ व जिरेपूड घालून जेवणाव्यतिरिक्त वेळी खाण्यास सांगावे.