बुटाच्या पारदर्शक तळाचें पिवळेपण

जुन्या वस्तु जपून ठेवण्याची हौस सर्वच देशांत आढळते. कोणी नाणीं जमवितो, कोणी टपालाचीं तिकिटें. अमेरिकेंत, आणि आतां इतर अनेक देशांत, खेळाचे बूट जमविणारा एक मोठा वर्ग तयार झाला आहे. या बुटांना स्नीकर म्हणतात, आणि त्यांतील एखाद्या नामांकित जोडास दागिन्यासारखी किंमत येते. या संग्राहकांची एक तक्रार मात्र सार्वत्रिक आहे. विकत घेतांना बर्फासारखा स्वच्छ दिसणारा बुटाचा पारदर्शक तळ कांहीं वर्षांत पिवळा पडतो; आणि जो जोड एकदांहि पायांत घातला नाहीं, त्याच्याहि नशिबीं हेंच येतें. हें पिवळेपण येतें कोठून, आणि तें घालवितां येतें काय, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्यासारखा आहे.

अशा तळाची आवड मुख्यतः एका बुटापासून वाढली. बास्केटबॉलचा प्रख्यात खेळाडू मायकेल जॉर्डन याच्या नांवानें नायके कंपनीनें जी मालिका काढली, तींतील पांचवा बूट १९९० सालीं बाजारांत आला. टिंकर हॅटफील्ड या रचनाकारानें त्याची कल्पना दुसऱ्या महायुद्धांतील मस्टँग या लढाऊ विमानावरून घेतली होती. या मालिकेंत पारदर्शक तळ प्रथम दिसला तो याच बुटास. पुढें १९९५ सालच्या अकराव्या बुटास चकचकीत चामडें आणि तसाच तळ लाभला, व तो बूट फारच लोकप्रिय झाला. या जोडांपैकीं जे आज शिल्लक आहेत, त्यांचे तळ बहुधा मधासारख्या रंगाचे झालेले असतात.

याचें कारण समजण्यासाठीं प्रथम मोटारीच्या टायराकडे पाहावें. टायर काळा असतो, कारण त्याच्या रबरांत काजळी मिसळलेली असते. ही काजळी रबरास बळकटी देते, आणि उन्हांतील अतिनील किरण स्वतः शोषून घेऊन त्याचें रक्षणहि करते. पारदर्शक तळांत काजळी घातली तर त्याची पारदर्शकताच नाहींशी होईल. म्हणून तेथें सिलिकेचें, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचें, अतिशय बारीक चूर्ण वापरतात. बळकटी त्यानें मिळते, पण संरक्षक छत्र मिळत नाहीं. उजेड रबरांत खोलवर शिरतो, हवेंतील प्राणवायु त्याच्या मदतीस येतो, आणि रबराच्या लांबच लांब रेणूंत हळूहळू असे नवे बंध तयार होतात कीं ते प्रकाशांतील निळा भाग गिळून टाकतात. पांढऱ्या प्रकाशांतून निळा भाग वजा झाला म्हणजे डोळ्यांस पिवळा रंग दिसतो.

खोक्यांत बंद असलेला जोडहि कां पिवळा पडावा, याचा उलगडा निराळा आहे. रबर लवकर जुनें होऊं नये म्हणून कारखानदार त्यांत कांहीं संरक्षक रसायनें घालतात. तीं प्राणवायूचा मारा स्वतःवर घेतात. परंतु असें करतांना त्यांतील कांहीं द्रव्यें स्वतःच पिवळीं होतात. मोटारींच्या धुरांतील नायट्रोजनाचीं ऑक्साइडें आणि वेष्टनाच्या कागदांतून व प्लॅस्टिकांतून निघणारीं द्रव्येंहि या क्रियेस हातभार लावतात. त्यामुळें केवळ अंधार हें पुरेसें संरक्षण ठरत नाहीं. या अडचणीवर कारखानदारांनीं एक युक्ति काढली: तळाच्या रबरास फिकट निळी छटा द्यावयाची. धुतलेल्या धोतरास नीळ देणाऱ्या प्रत्येक घराला हें तत्त्व ठाऊक आहे. निळ्या छटेमुळें पिवळेपण थांबत नाहीं. तें डोळ्यांना उशिरां जाणवतें इतकेंच.

आतां उपायाकडे वळूं. हें पिवळेपण मळ नव्हे, म्हणून साबणानें व ब्रशानें तें जात नाहीं. कपडे धुण्याच्या क्लोरीनयुक्त द्रवानें रबर उलट अधिक बिघडतें. संग्राहकांचा भर असतो तो हायड्रोजन पेरॉक्साइडवर. लुई जॅक थेनार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानें १८१८ सालीं शोधून काढलेलें हें द्रव्य केस फिकट करण्याच्या मलमांत असतें. त्या डबीवर ४० असा आंकडा असला, तर त्याचा अर्थ असा कीं, त्या द्रवांतून त्याच्या आकारमानाच्या ४० पट प्राणवायु निघूं शकतो. यांत पेरॉक्साइडचें प्रमाण सुमारें १२ टक्के असतें.

कृति अशी आहे. तळ आधीं धुऊन पूर्ण वाळवावा. चामड्याचा किंवा कापडाचा भाग चिकटपट्टीनें नीट झांकावा, नाहीं तर त्याचाहि रंग उडेल. हातांत रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा घालून मलमाचा सारखा थर तळावर द्यावा, तो वाळूं नये म्हणून पातळ प्लॅस्टिकनें गुंडाळावा, आणि जोड उन्हांत किंवा अतिनील दिव्याखालीं ठेवावा. दर तासानें तो पाहावा व फिरवावा. जेथें थर सुकला तेथें डाग राहतात. कांहीं तासांनीं सर्व धुऊन काढावें. पेरॉक्साइड रंग देणारे ते बंध तोडतें, आणि तळ पुन्हां उजळतो.

मात्र उजळलेला तळ नवा झाला असें समजूं नये. रंग गेला तरी रबराचें वय तेंच राहतें. किंबहुना ज्या किरणांनीं तें जुनें झालें, त्याच किरणांचा आणखी एक हप्ता त्यास या उपचारांत मिळतो. पिवळेपण कालांतरानें परत येतें, आणि वारंवार उपचार केले तर रबर कडक होऊन त्यास चिरा पडतात. शिवाय पांचव्या बुटाच्या मधल्या थरांत पॉलियुरेथेन असतें. हवेंतील बाष्पानें त्याचें आंतल्या आंत विघटन होत राहतें. मुंबईच्या पावसाळ्यासारख्या दमट हवेंत ही क्रिया अधिकच वेगानें चालते. असा जोड वरून चकचकीत असला तरी पायांत घालतांच मधला थर भुगा होऊन गळूं शकतो.

म्हणूनच ज्यानें तळ उजळला असेल त्यानें विकतांना तसें सांगावें, आणि घेणाऱ्यानेंहि तळाच्या रंगावर न जातां जोड कोणत्या वर्षीं तयार झाला तें विचारावें. ही माहिती बहुधा बुटाच्या आंतील चिठ्ठीवर छापलेली असते. घरीं ठेवावयाचा जोड थंड, कोरड्या व अंधाऱ्या जागीं ठेवावा, आणि त्यास छापील कागदांत गुंडाळूं नये. आणि जो जोड वडिलांनीं किंवा भावानें हौसेनें घेऊन वापरला, त्याचा तळ पिवळाच राहूं दिला तरी बिघडत नाहीं. तो रंग त्याच्या वयाचा खरा दाखला आहे.