चापाची ओढ : स्पर्धात्मक पिस्तूल नेमबाजीतील यंत्रशास्त्र, नियम आणि मर्यादा

प्रस्तावना :

भारतीय नेमबाजीच्या अलीकडील इतिहासात महाराष्ट्राचे स्थान ठळक आहे. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात अनिसा सय्यद यांनी सुवर्ण, तर कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी रौप्यपदक मिळविले. २०१३ मध्ये दक्षिण कोरियातील चांगवॉन येथील विश्वचषक स्पर्धेत राही सरनोबत सुवर्णपदकाच्या मानकरी ठरल्या. २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी थायलंडच्या प्रतिस्पर्धी नेमबाजाशी ३४ गुणांवर झालेली बरोबरी शूट-ऑफमध्ये मोडून सुवर्णपदक पटकावले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत.

अशा यशाची चर्चा बहुधा एकाग्रता, सराव व मनोबल या अंगांनी होते. हातातील यंत्राचा विचार मात्र क्वचितच होतो. वस्तुतः नेम धरणे आणि गोळी सुटणे या दोहोंमध्ये पिस्तुलाचा चाप उभा असतो, आणि चाप ओढण्याच्या क्षणीच नेम बिघडण्याचा संभव सर्वाधिक असतो. त्यामुळे पिस्तुलाचे अंतर्गत भाग बदलून किंवा घासून ही ओढ 'गुळगुळीत' करून घेण्याचा मोह खेळाडूंना होतो. महाविद्यालयीन स्तरावर हा प्रश्न अखेरीस शारीरिक शिक्षण संचालक, प्रशिक्षक व प्राचार्य यांच्यापुढे येतो. तो केवळ तांत्रिक नसून सुरक्षिततेचा व कायद्याचाही आहे.

मराठी बोलीत 'घोडा' हा शब्द दोन निरनिराळ्या भागांसाठी सैलपणे वापरला जातो. प्रस्तुत लेखात बोटाने ओढावयाच्या भागास 'चाप', आघात करणाऱ्या भागास 'घोडा' आणि घोड्यास अडवून धरणाऱ्या भागास 'सिअर' असे म्हटले आहे.

उद्दिष्टे :

१. चापाच्या यंत्रणेचे कार्य सोप्या भाषेत स्पष्ट करणे.
२. 'हलका चाप' आणि 'गुळगुळीत चाप' या दोन संकल्पनांतील भेद दाखविणे.
३. अंतर्गत भागांत फेरफार करण्याच्या तांत्रिक व कायदेशीर मर्यादा महाविद्यालयांच्या दृष्टीने मांडणे.

चापाची यंत्रणा :

घोडा मागे ओढला की मुख्य स्प्रिंग दाबली जाते आणि तिच्यात ऊर्जा साठते. घोड्यावरील खाचेत सिअरची कड अडकते व घोडा तेथेच थांबतो. चाप ओढल्यावर ही कड खाचेतून सरकत बाहेर येते, घोडा सुटतो आणि आघातपिनेद्वारे काडतुसावर आघात होतो. म्हणजे बोट प्रत्यक्षात दोन धातूच्या पृष्ठभागांना एकमेकांवरून सरकवीत असते. चापाचा सारा अनुभव या चिमुकल्या सरकण्यात सामावलेला आहे.

यंत्रणेचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकेरी क्रियेत घोडा आधीच मागे ओढलेला असतो आणि चापाचे काम केवळ तो सोडण्याचे असते. दुहेरी क्रियेत घोडा मागे नेणे व सोडणे ही दोन्ही कामे चापच करतो. उदाहरणादाखल, ५ किलोग्रॅम-वजनाएवढे बल १२ मिलिमीटर अंतरापर्यंत लावले, तर बोटाला सुमारे ०.५९ ज्यूल कार्य करावे लागते. २ किलोग्रॅम-वजनाएवढे बल ३ मिलिमीटरपर्यंत लावल्यास हेच कार्य सुमारे ०.०६ ज्यूल, म्हणजे जवळपास एकदशांश होते. स्पर्धेच्या पिस्तुलांत एकेरी क्रियेची यंत्रणा का असते, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

चापाच्या प्रवासाचे टप्पे जाणकार नेमबाज बोटानेच ओळखतो. प्रथम हलक्या प्रतिकाराचा मोकळा टप्पा, नंतर बोट अडते ते ठिकाण, त्यानंतर सुटका, आणि शेवटी सुटकेनंतरही चाप मागे जातो तो उर्वरित प्रवास. अडल्यापासून सुटकेपर्यंत चाप रखडत सरकत असेल, तर गोळी केव्हा सुटेल याचा अंदाज येत नाही. सुटकेनंतरचा प्रवास जास्त असेल, तर प्रतिकार अचानक नाहीसा झाल्याने हाताला हिसका बसतो.

'हलका' आणि 'गुळगुळीत' :

चापाचे वजन म्हणजे सुटकेसाठी लागणारे कमाल बल होय. गुळगुळीतपणा म्हणजे त्या बलातील चढउतारांचा अभाव. हे दोन गुण स्वतंत्र आहेत. स्थिर घर्षण हे गतिज घर्षणापेक्षा अधिक असते. पृष्ठभाग खडबडीत असल्यास ते क्षणभर चिकटतात, मग एकदम सरकतात, पुन्हा चिकटतात. बोटाला जाणवणारी 'खरखर' ती हीच. यंत्रकामाच्या खुणा, बारीक बुरे, वाळलेले तेल व त्यात मिसळलेली धूळ ही तिची नेहमीची कारणे आहेत. विदर्भाच्या धुळकट उन्हाळ्यात अतिरिक्त तेल हे औषधाऐवजी रोगच ठरू शकते, कारण तेल व धूळ मिळून घासणारा लेपच तयार होतो. यावरून असे दिसते की, कित्येकदा भाग बदलण्याची नव्हे, तर योग्य साफसफाईची गरज असते.

नेमाच्या दृष्टीने या चढउतारांचे महत्त्व साध्या प्रमाणावरून कळते. २५ मीटर प्रकारातील पिस्तुलाच्या पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर नियमानुसार जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. चाप ओढताना पुढची साइट मागच्या साइटच्या तुलनेत १ मिलिमीटर ढळली, तर २५ मीटरवर हे ढळणे सुमारे ११४ मिलिमीटर होते. अचूकता फेरीच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ५० मिलिमीटर आहे. म्हणजेच, ढोबळमानाने, केंद्रापासून दहाची कड गाठण्यास ०.२२ मिलिमीटरचे ढळणे पुरेसे आहे. जलद फेरीत लक्ष्य केवळ ३ सेकंद समोर असते. तेवढ्यात हात उचलून, नेम साधून चाप ओढावयाचा असतो. अशा वेळी खेळाडूला सर्वांत हलका चाप हवा असतो असे नाही. दर वेळी तंतोतंत सारखा वागणारा चाप त्याला हवा असतो.

नियमांची चौकट :

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर हवाई पिस्तुलाच्या चापाचे वजन किमान ५०० ग्रॅम, तर २५ मीटर प्रकारांत ते किमान १००० ग्रॅम असावे लागते. ५० मीटर पिस्तूल प्रकारात मात्र अशी किमान मर्यादा नाही. तपासणीची पद्धत सोपी आहे. नळी उभी धरून चापाच्या मध्याजवळ प्रमाणित वजन अडकवायचे व ते आडव्या पृष्ठभागावरून उचलायचे. वजन उचलले जाईपर्यंत घोडा सुटता कामा नये.

पिस्तुलाचे वजन व चापाचे वजन यांचे गुणोत्तरही उद्बोधक आहे. २५ मीटर प्रकारात पिस्तुलाचे कमाल वजन १४०० ग्रॅम आहे, म्हणजे तेथे चापावरील किमान बल हे पिस्तुलाच्या वजनाहून फारसे निराळे नाही. पोलिसी शस्त्रांची गोष्ट वेगळी. न्यूयॉर्क पोलिसांनी आपल्या ग्लॉक पिस्तुलांच्या चापाचे वजन दीर्घकाळ सुमारे १२ पौंड, म्हणजे ५.४ किलोग्रॅम ठेवले होते. हे बल एक किलोहून कमी वजनाच्या शस्त्रावर, त्याच्या वजनाच्या पाचपटीहून अधिक होते. तणावाच्या प्रसंगी अनवधानाने गोळी सुटू नये, हा त्यामागचा विचार. परंतु जड चापाने अचूकता घटते, हा आक्षेपही तेथे पुढे आला. सारांश, चापाचे योग्य वजन शस्त्राच्या प्रयोजनावरून ठरते. क्रीडांगणावरील मोजमाप कमरेच्या शस्त्राला लावणे चुकीचे होय.

अंतर्गत फेरफार व त्यातील धोके :

स्पर्धेच्या पिस्तुलात चापाचे स्थान, पहिल्या व दुसऱ्या टप्प्याचे वजन, सुटकेनंतरचा प्रवास इत्यादी बाबी जुळविण्यासाठी निर्मात्यानेच स्क्रू दिलेले असतात. माहितीपुस्तिकेच्या मर्यादेत केलेली ही जुळवणी वैध व सुरक्षित असते. प्रश्न उद्भवतो तो मूळ भाग घासण्याचा, स्प्रिंगा कापण्याचा किंवा अन्य बनावटीचे भाग बसविण्याचा.

याचे कारण असे की, जी कड चापाला 'चांगला' बनविते तीच कड घोड्याला अडवूनही धरते. खाच व सिअर यांची पकड प्रमाणाबाहेर कमी केली, तर पिस्तूल पडल्यास किंवा धक्का बसल्यास गोळी सुटू शकते. स्वयंभरणाच्या पिस्तुलात एका ओढीत दोन गोळ्या सुटण्याचाही धोका असतो. कडेला दिलेला कठीणपणा बहुधा पृष्ठभागापुरता असतो. तो घासला गेला की आज उत्तम वाटणारा चाप थोड्याच काळात झिजून अविश्वसनीय होतो. मुख्य स्प्रिंग दुबळी केल्यास आघात अपुरा पडून काडतूस पेटत नाही, आणि चापाची परतीची स्प्रिंग दुबळी केल्यास चाप पूर्वस्थितीत येत नाही. एक भाग बदलला की इतर सर्व भागांचे परस्परसंबंध बदलतात, ही यंत्रशास्त्रातील सामान्य बाब येथे जीवावर बेतू शकते.

कायद्याची बाजू :

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्राची निर्मिती, विक्री, रूपांतर, दुरुस्ती वा चाचणी करता येत नाही. येथे 'दुरुस्ती' हा शब्द विशेष लक्षात घ्यावयास हवा. २०१९ च्या सुधारणेनंतर या कलमाच्या उल्लंघनास किमान ७ वर्षे ते जन्मठेपेपर्यंत कारावासाची तरतूद आहे. शस्त्र बाळगण्याचा परवाना म्हणजे ते उघडून बदलण्याचा परवाना नव्हे. परिचित लेथ कारागिराकडून सिअर घासून घेणे हा खेळाडूच्या लेखी किरकोळ व्यवहार असला, तरी कायद्याच्या लेखी तो किरकोळ नाही. शस्त्र नियम, २०१६ अन्वये २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या व ०.१७७ इंचापर्यंत (४.५ मिलिमीटर) व्यासाच्या हवाई शस्त्रांना परवान्याची अट नाही. म्हणूनच महाविद्यालयीन सरावासाठी हवाई पिस्तूल सोयीचे ठरते. परवाना नको म्हणून शिस्तही नको, असा मात्र त्याचा अर्थ नाही.

न्यायसहायक विज्ञानातही चापाच्या वजनाला महत्त्व आहे. 'गोळी आपोआप सुटली' असा बचाव घेतला जातो, तेव्हा तज्ज्ञ चापाचे वजन मोजतात, यंत्रणेची पकड तपासतात व फेरफाराच्या खुणा शोधतात. नागपुरात प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आणि शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था असल्याने या विषयात भौतिकशास्त्र, विधी व शारीरिक शिक्षण या विभागांना एकत्र येऊन अध्यापन करण्यास वाव आहे.

टोकियोतील अनुभव :

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिम्पिकच्या १० मीटर हवाई पिस्तूल पात्रता फेरीत मनू भाकर यांच्या पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला. हवाई पिस्तुलांत चापाची क्रिया विद्युतमंडलाने घडविणारी रचनाही असते. तिची ओढ अत्यंत एकसारखी असते, परंतु ती बॅटरी, जोडण्या व मंडल यांवर अवलंबून असते. भाकर यांच्या पिस्तुलाचा दांडा बदलताना या मंडलाशीही झुंजावे लागले. दुरुस्तीत मोलाची मिनिटे गेली. त्यांनी ५७५ गुण मिळविले, त्या बाराव्या आल्या आणि अंतिम फेरी केवळ २ गुणांनी हुकली. त्याच खेळाडूने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदके मिळविली. यंत्र सुधारण्याइतकेच त्याची देखभाल जाणणारा माणूस जवळ असणे महत्त्वाचे आहे, हा या प्रसंगाचा बोध होय.

महाविद्यालयांसाठी सूचना :

१. सरावापूर्वी प्रमाणित वजनाने चापाची तपासणी करून नोंदवहीत दिनांकासह नोंद ठेवावी. वजन अचानक घटणे ही धोक्याची पूर्वसूचना समजावी.
२. जुळवणी केवळ निर्मात्याने दिलेल्या स्क्रूंद्वारे, माहितीपुस्तिकेनुसार व प्रशिक्षकांसमक्ष करावी.
३. परवान्याच्या शस्त्राची दुरुस्ती परवानाधारक दुरुस्तीकाराकडूनच करून घ्यावी व तिची पावती जपावी.
४. 'चाप खराब आहे' या तक्रारीवर प्रथम साफसफाई, नंतर बोटाच्या स्थितीची तपासणी, आणि त्यानंतरच यंत्राचा विचार असा क्रम ठेवावा.

निष्कर्ष :

चापाची उत्तम ओढ म्हणजे कमीत कमी वजन नव्हे, तर प्रत्येक वेळी सारखे, अपेक्षित व नियमात बसणारे वजन होय. ती साधण्यासाठी स्वच्छता, निर्मात्याच्या मर्यादेतील जुळवणी व कोरा सराव हे मार्ग बहुतेक खेळाडूंना पुरेसे आहेत. अंतर्गत भागांतील अनधिकृत फेरफार अचूकतेचा क्षणिक आभास देतो. त्याची किंमत मात्र सुरक्षितता, स्पर्धेतील पात्रता आणि प्रसंगी स्वातंत्र्य या रूपांत मोजावी लागते. विद्यार्थ्याच्या हाती पिस्तूल देणाऱ्या शिक्षकाने त्याच्या चापाचे वजन ग्रॅममध्ये सांगता येण्याइतपत तरी त्या यंत्राशी परिचित असावे, एवढी अपेक्षा वाजवी ठरते.