दोष रॅमचा की तिच्या वेळापत्रकाचा?

जो संगणक नेमका एकाच ठिकाणी बंद पडतो त्याचा विकार हुडकणे तुलनेने सुकर असते. परंतु जो आठवडाभर निमूटपणे काम करून एखाद्या दुपारी अकस्मात निळी स्क्रीन दाखवितो, पुनः सुरू केल्यावर काहीच न घडल्याप्रमाणे चालू लागतो आणि दुरुस्तीच्या दुकानात तर हटकून सुरळीत वागतो, त्याच्यापुढे भलेभले तंत्रज्ञ हात टेकतात. अशा वेळी बहुधा ‘फॉरमॅट मारण्याची’ तजवीज होते. आणि मूळ विकार रॅममध्ये असेल तर चार दिवसांनी तीच फिर्याद पुनः उभी राहते.

रॉबर्ट डेनार्ड यांनी आयबीएममध्ये सिद्ध केलेल्या आणि १९६८ साली पेटंट मिळालेल्या ज्या रचनेवर आजची रॅम उभी आहे, तिच्यात प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युद्भार असतो, आणि तो सतत झिरपत असल्यामुळे सामान्यतः दर ६४ मिलिसेकंदांत नव्याने भरून घ्यावा लागतो. बिटांची ओळ उघडणे, तिच्यातील स्तंभ निवडणे, ओळ मिटविणे या प्रत्येक क्रियेस किमान अवधी मुक्रर केलेला आहे. तो पुरा होण्यापूर्वीच पुढची आज्ञा सुटली, तर भार स्थिरावण्याआधीच वाचला जाऊन एकाच्या जागी शून्य हाती येण्याचा संभव असतो. डीडीआर४-३२०० जातीच्या रॅममध्ये एका तारेवरील एका बिटच्या वाट्यास अवघे ३१२.५ पिकोसेकंद येतात, आणि तेवढ्यात प्रकाशदेखील निर्वातात साडेनऊ सेंटिमीटर ओलांडीत नाही. इतक्या तोकड्या सवलतीत स्लॉटमधील मळलेला संपर्क, किंचित ढळलेले व्होल्टेज किंवा वैशाखातली उष्णता यांपैकी कोणतेही एक कारण पुरेसे होते.

त्यात खोक्यावर छापलेला आकर्षक वेग पुष्कळदा एक्सएमपी नावाच्या जलद वेळापत्रकाचा असतो. ते बायॉसमध्ये चालू केले की रॅम प्रमाणित मर्यादेबाहेर धावू लागते, आणि प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला तो वेग, विशेषतः चारही स्लॉट भरलेले असताना, पेलेलच असे नाही. रॅम निर्दोष, प्रोसेसर निर्दोष, आणि तरीही दोघांची जोडी सदोष, असा हा चमत्कारिक प्रकार आहे. म्हणूनच पट्टी बदलण्याची घाई करणे मला गैर वाटते.

तपासाचा प्रारंभ मेमटेस्ट८६ सारख्या साधनाने करावा. १९९४ साली ख्रिस ब्रॅडी यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम विंडोजच्या आधारावाचून पेनड्राइव्हवरून चालतो. तो रात्रभर चालू द्यावा. एक फेरी निर्वेध पार पडली एवढ्यावरून रॅम दोषमुक्त ठरत नाही. चुका दिसल्याच, तर त्यांचे पत्ते टिपून ठेवावेत. त्याच पत्त्यावर तोच बिट वारंवार उलटत असेल तर चिपच निकामी झाल्याचा संशय बळावतो. उलट चुका विखुरलेल्या असतील आणि उष्णतेबरोबर वाढत असतील, तर वेळेच्या दोषाकडे लक्ष वळवावे. मग एक्सएमपी बंद करून तीच परीक्षा पुनः घ्यावी. वेग उतरविताच चुका नाहीशा झाल्या, म्हणजे वेळेविषयीचा संशय पुष्कळच दृढ होतो. तशाच राहिल्या, तर एकेक पट्टी स्वतंत्रपणे, निरनिराळ्या स्लॉटमध्ये लावून, चूक पट्टीबरोबर हिंडते की स्लॉटपाशीच थांबते हे पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा आरोप कोणावर ठेवावा हेच कळत नाही.

संगणक बंद पडणे हे या विकाराचे सौम्य रूप होय. खरी हानी तो चालू राहून हिशेबातला आकडा किंवा छायाचित्राचा तुकडा गुपचूप बदलतो तेव्हा होते. रिचर्ड हॅमिंग यांनी बेल लॅब्समध्ये असताना १९५० साली चुका ओळखून दुरुस्त करणारी सांकेतिक पद्धती प्रसिद्ध केली. तिच्याच परंपरेतील ईसीसी रॅम सामान्यतः ६४ बिटांमागे ८ जादा बिट बाळगून एक चूक सुधारते व दोन चुका निदान ओळखते. पेढी, इस्पितळ किंवा संशोधनसंस्था यांचे दप्तर सांभाळणाऱ्या संगणकात ती नसावी, हे मला अक्षम्य वाटते. घरच्या संगणकाचा दोष दूर झाल्यावरही, त्या काळात लिहिल्या गेलेल्या महत्त्वाच्या फाइली जुन्या प्रतींशी ताडून पाहिल्यावाचून वाचकांनी त्यांवर विसंबू नये.