हळदीची गोळी आणि नॅनोकण : वनस्पतीपासून औषधापर्यंतचा प्रवास

हळदीतील एका घटकाचे अतिसूक्ष्म कण तयार केले, ते गोळीत भरले आणि मधुमेह, संधिवात, एवढेच नव्हे तर कर्करोगही बरा होऊ लागला, अशा आशयाचे संदेश भ्रमणध्वनीवरून आपल्या धर्मग्रामांतील घराघरांत पोहोचत असतात. काही संदेशांच्या तळाशी एखाद्या विद्यापीठाचे नाव असते, काहींच्या तळाशी गोळीची किंमत. असे संदेश वाचून कुणी मधुमेहाची गोळी बंद करतो, तर कुणी केमोथेरपीची तारीख पुढे ढकलतो. म्हणूनच या विषयाची शास्त्रीय बाजू वाचकांसमोर ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते. या संदेशांतील सारेच खोटे असते असे नव्हे. त्यांत सत्याचा अंश असतो, आणि त्या अंशामुळेच सुशिक्षित माणूसही फसतो.

वनस्पतींपासून औषधे मिळतात याविषयी श्रद्धावंताच्या मनात शंका असण्याचे कारण नाही. जुन्या करारातील सिराखच्या ग्रंथाचा ३८वा अध्याय वैद्याचा मान राखण्यास सांगतो आणि औषधे भूमीतूनच उपजतात याचे स्मरण करून देतो. त्याच अध्यायात आजाऱ्याने प्रार्थनाही करावी आणि वैद्यालाही जागा द्यावी, असा उपदेश आहे. एकासाठी दुसऱ्याला सोडावे असे तेथे कुठेही म्हटलेले नाही.

‘नैसर्गिक’ गोळीच्या मोहाने जी ‘रासायनिक’ गोळी प्रथम टाकून दिली जाते, ती बहुधा मेटफॉर्मिन असते. या मेटफॉर्मिनचे मूळ एका वनस्पतीत आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. युरोपात गॅलेगा नावाचे जांभळट फुलांचे एक झुडूप उगवते. त्यात गॅलेजिन हे द्रव्य असते व त्याने रक्तातील साखर उतरते. परंतु ते विषारी ठरले. त्याच रासायनिक कुळातील अधिक सुरक्षित रेणूंचा शोध घेत घेत शास्त्रज्ञ मेटफॉर्मिनपर्यंत आले आणि १९५७ साली फ्रेंच वैद्य झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरील त्याच्या उपयोगाचा अहवाल प्रसिद्ध केला. अमेरिकेने ते औषध स्वीकारले ते १९९४ साली. म्हणजे झुडपाच्या पाल्यातील गुण खराच होता. मात्र पाला जसाच्या तसा खाल्ला असता तर तो जिवावर बेतला असता.

याहून उद्‌बोधक कथा टॅक्सॉलची आहे आणि तिचा एक धागा थेट महाराष्ट्रात येऊन पोहोचतो. नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले व मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी हे पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांच्यासोबत काम करू लागले. वनस्पतींच्या अर्कांत कर्करोगविरोधी द्रव्ये शोधण्याचे ते काम होते. या जोडीने १९६६ साली एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन आणि १९७१ साली पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल, अशी दोन द्रव्ये जगापुढे मांडली. एका आयुष्यात असे एक द्रव्य सापडणेही दुर्मीळ. वाणींच्या नावावर दोन आहेत. आपल्या शाळांमधून हे नाव मुलांना क्वचितच ऐकायला मिळते, याची आम्हाला खंत वाटते.

द्रव्य सापडले म्हणजे औषध हाती आले असे मात्र नाही. टॅक्सॉलची रचना १९७१ साली कळली, तरी अंडाशयाच्या कर्करोगावर ते वापरण्यास अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९९२च्या अखेरीस. या एकवीस वर्षांत दोन मोठे अडथळे होते. पहिला झाडांचा. साल सोलली की यू वृक्ष मरतो आणि एका रुग्णासाठी कित्येक वृक्षांची साल लागे. पुढे दुसऱ्या जातीच्या यूच्या पानांतील द्रव्यापासून टॅक्सॉल बनवता येऊ लागले तेव्हा हा प्रश्न सुटला. दुसरा अडथळा पाण्याचा. टॅक्सॉल पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, आणि जे विरघळत नाही ते शिरेतून देणार कसे? म्हणून एरंडेल तेलापासून बनवलेल्या एका द्रावकात ते मिसळावे लागले. या द्रावकाने काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी होत असे. त्यामुळे आधी स्टेरॉइड द्यावयाचे व मग कित्येक तास सलाईन चालवावयाचे, असा तो उपचार असे.

नॅनो तंत्रज्ञानाचा, ज्याला आपण मराठीत अब्जांश तंत्रज्ञान म्हणतो त्याचा, प्रवेश येथे होतो. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. शास्त्रज्ञांनी टॅक्सॉलचे रेणू अल्ब्युमिन या आपल्याच रक्तातील प्रथिनाशी बांधून सुमारे १३० नॅनोमीटर आकाराचे कण तयार केले. अल्ब्युमिन हे पाण्यात न विरघळणारे पदार्थ वाहून नेणारे शरीराचे नैसर्गिक वाहन आहे. वाहन मिळाले आणि एरंडेलाच्या द्रावकाची गरजच संपली. जानेवारी २००५ मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते अर्ध्या तासात देता येते आणि त्यापूर्वी स्टेरॉइड देण्याची सहसा आवश्यकता पडत नाही.

येथे नॅनो तंत्रज्ञानाने काय केले आणि काय केले नाही, हे नीट पाहिले पाहिजे. त्याने औषधात नवा गुण घातला नाही. गुण सिद्ध झालेल्या औषधाला चांगले वाहन दिले. हातापायांना येणारी बधिरता, पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्रास राहिलेच. स्वादुपिंडाच्या पसरलेल्या कर्करोगात याच नॅनोऔषधाची ८६१ रुग्णांवर चाचणी झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, केवळ जुने औषध घेणाऱ्यांचे मध्यमान आयुष्य ६.७ महिने होते. सोबत नॅनोऔषध घेणाऱ्यांचे ८.५ महिने. जवळपास दोन महिन्यांचा हा लाभ. ज्या घराने ते दोन महिने अनुभवले असतील त्यास त्यांचे मोल विचारावे! पण ‘कर्करोग हद्दपार’ म्हणावे असे हे आकडे नाहीत, आणि हे तर यशस्वी ठरलेले उदाहरण आहे.

वाणी आणि वॉल यांच्या कॅम्प्टोथेसिनची वाट अधिकच खडतर होती. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी त्याच्या चाचण्या मूत्राशयातून होणाऱ्या रक्तस्रावासारख्या दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. त्यात रासायनिक बदल करून बनवलेली टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन ही औषधे १९९६ साली मान्य झाली, आणि इरिनोटेकॅन स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये, भरून २०१५ साली नॅनोऔषध म्हणून आले. याच कॅम्प्टोथेसिनचा एक स्रोत आपल्या सह्याद्रीत उभा आहे. नरक्या, ज्याला काही जण अमृता म्हणतात, त्या दुर्गंधी झाडात हे द्रव्य असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी १९७२ साली दाखवून दिले. परिणामी कोकणात व घाटावर नरक्याची बेकायदा तोड आणि तस्करी सुरू झाली. सृष्टीचे जतन हे ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य मानणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की औषधी म्हणून गाजलेली वनस्पती प्रथम जंगलातूनच नाहीशी होऊ लागते.

आता हळदीकडे वळू. हळदीचा पिवळेपणा ज्यामुळे येतो ते कर्क्युमिन १८१५ साली प्रथम वेगळे करण्यात आले. हळदीच्या पुडीत ते साधारण ३ टक्के असते. चाचण्यांत दिली जाणारी २ ग्रॅमची मात्रा आमटीतून मिळवायची तर दिवसाकाठी साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल. शिवाय कर्क्युमिनही टॅक्सॉलप्रमाणेच पाण्यात विरघळत नाही आणि जे थोडेफार शोषले जाते त्याची आतडे व यकृत त्वरेने विल्हेवाट लावतात. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे भारतातील कॅथोलिक बिशप्स परिषदेने उभारलेल्या संस्थेत, झालेला व १९९८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग या क्षेत्रात आजही उद्धृत केला जातो. निरोगी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले असता रक्तात ते जवळजवळ आढळलेच नाही. सोबत मिरीतील पायपेरिन २० मिलिग्रॅम दिले तेव्हा त्याचे प्रमाण वीसपट झाले. जाहिरातींतील ‘वीसपट’ हा आकडा येथूनच आला. मात्र जवळजवळ शून्याची वीसपट किती होते, हे जाहिरातीत लिहिलेले नसते.

नॅनोकर्क्युमिनची कल्पना याच अडचणीतून जन्मली. टॅक्सॉलला वाहन मिळाले तसे कर्क्युमिनलाही द्यावे, ही विचारसरणी तर्कसंगत आहे आणि रक्तातील प्रमाण त्यामुळे वाढते हेही खरे. पण टॅक्सॉलचा गुण आधी सिद्ध झाला होता व वाहन नंतर आले. कर्क्युमिनचे तसे नाही. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात अमेरिकी शास्त्रज्ञांनी सविस्तर आढावा घेतला. १२०हून अधिक चाचण्या झाल्या असूनही, रुग्ण व डॉक्टर दोघांनाही खरी गोळी कोणती हे ठाऊक नसलेल्या कसोटीच्या चाचणीत कर्क्युमिन यशस्वी ठरल्याचे उदाहरण नाही, असे त्यांनी नोंदवले. कर्क्युमिन स्वतः प्रकाशमान होते व अनेक प्रथिनांना सरसकट चिकटते. त्यामुळे प्रयोगशाळेतील तपासण्या फसतात आणि गुण नसताना गुण दिसतो, हेही त्यांनी दाखवले. टेक्सासमधील एका विख्यात संशोधकाचे या क्षेत्रातील अनेक प्रबंध मागे घेतले गेले आहेत, ही गोष्ट निराळीच. नॅनोकर्क्युमिनच्या छोट्या चाचण्यांतून काही आशादायक आकडे येतात. मधुमेह वा कर्करोगाचे औषध म्हणून त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मात्र नाही.

“पण हळदीचे पेटंट आपण जिंकले ना?” असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो. जखमा भरण्यासाठी हळदीच्या वापरावर १९९५ साली अमेरिकेत दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९७ साली रद्द करवून घेतले, ही अभिमानाची बाब आहे. मात्र ते रद्द झाले ते ज्ञान नवे नाही म्हणून. हळदीने कोणता आजार बरा होतो, हा त्या वादाचा विषयच नव्हता.

वनस्पती आणि नॅनोकण यांचा आणखी एक संबंध वृत्तपत्रांत वारंवार येतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २००३-०४च्या सुमारास जिरॅनियमच्या व कडुनिंबाच्या पानांचा काढा वापरून चांदीचे व सोन्याचे नॅनोकण तयार केले. घातक रसायने टाळणारी ही रीत खरोखर सुंदर आहे. तिचे अनुकरण आज देशभरच्या महाविद्यालयांत तुळशीपासून जांभळापर्यंत चालते. परंतु असे कण काचेच्या तबकडीतील पेशी मारतात, एवढ्यावरून ते माणसाचा आजार बरा करतात असे ठरत नाही. तबकडीतील पेशी ब्लीचनेही मरतात. काही जण याला जोडून भस्मे म्हणजे प्राचीन नॅनोऔषधेच, असे सांगतात. काही भस्मांत नॅनो आकाराचे कण आढळतात हे खरे. पण कण लहान झाल्याने धातूचा विषारीपणा जातो असे नाही. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले होते. मूत्रपिंडे आधीच दुबळी झालेल्या मधुमेहीने याचा विचार करावा.

हळद तर निरुपद्रवी, घेऊन पाहायला काय हरकत, हा शेवटचा युक्तिवाद. स्वयंपाकातील हळदीबाबत तो योग्यच आहे. हळद घातलेले दूध कुणी सोडावे असे आम्ही म्हणणार नाही. सांद्र कर्क्युमिनच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल अमेरिकेतील यकृततज्ज्ञांनी २०२२ साली दिला. त्यांतील ५ जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले, एकाचा मृत्यू झाला. तपासलेल्या काही गोळ्यांत पायपेरिन होते. पायपेरिन यकृताची औषधे निकामी करण्याची क्रिया मंदावते. त्यामुळे कर्क्युमिनच नव्हे, तर फिट्स येऊ नयेत म्हणून दिले जाणारे फेनिटॉइन वा रक्तदाबासाठीचे प्रोप्रॅनोलॉल यांचेही रक्तातील प्रमाण वाढू शकते. रक्त पातळ ठेवणारे वॉरफॅरिन घेणाऱ्यांनी विशेष जपावे. २०१७ साली कॅलिफोर्नियात कर्क्युमिनचे द्रावण शिरेतून दिल्यानंतर एका तरुण स्त्रीचा मृत्यू झाला. त्या द्रावणात एरंडेल तेलापासून बनवलेलाच द्रावक होता, आणि कर्क्युमिन लेबलवर लिहिलेल्याच्या अत्यल्प अंशाएवढेच भरले.

घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर त्याच्यावर रागावू नये. रागावल्याने तो गोळी सोडत नाही, लपवून घेऊ लागतो. पुढच्या तपासणीला जाताना ती बाटली पिशवीत टाकावी आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावी. त्यांना नाव नव्हे, घटकांची यादी वाचू द्यावी. डोळे वा लघवी पिवळी दिसू लागली, अंगाला खाज सुटली किंवा भूक अचानक गेली, तर गोळी त्याच दिवशी थांबवून यकृताची रक्ततपासणी करून घ्यावी. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्ण किंवा त्याचे नातेवाईकही करू शकतात. त्यासाठी भारतीय औषधसंहिता आयोगाचा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे.