द्राक्षाचा देठ का वाळतो?

बागेत घड भरलेले असतात. मण्यांत पाणी उतरू लागते. अशा वेळी घडाच्या देठावर टाचणीच्या माथ्याएवढा काळा डाग दिसतो. डाग वाढतो, खोल जातो, देठाला वेढा घालतो. वेढा पुरा झाला की पुढच्या मण्यांना रस मिळत नाही. मणी मऊ पडतात, आंबटच राहतात, मग सुकतात. बहुधा घडाचा शेंडा आणि बाजूच्या पाकळ्या आधी जातात.

शेतकरी म्हणतो, "रोग आला, औषध आणा." थांबा मंडळी! आधी देठ नीट बघा. केवडा असेल तर दमट हवेत पांढरी बुरशी दिसते. भुरी असेल तर राखेसारखी पूड दिसते. दोन्ही नसेल, आणि डाग पाणी उतरतानाच आले असतील, तर हा दुखणा बहुधा निराळा. बुरशीच्या औषधाने तो हटत नाही. पैसे मात्र जातात. जर्मनीतल्या द्राक्षबागांतही तो आहे. तिकडे त्याला 'देठाचा लुळेपणा' अशा अर्थाचे नाव आहे. नाव कसे अगदी नेमके आहे!

याचे कारण एकच नाही. शास्त्रज्ञांचेही पुरते एकमत नाही. नत्र जास्त झाले, पाला दाटला, घडावर सावली पडली, तरी देठ बाधतो. पण पुष्कळ बागांत एक गोष्ट आढळली आहे. वेलीत पालाश फार, आणि मॅग्नेशियम व कॅल्शियम कमी.

असे का होते? बाजाराच्या दिवशी एस.टी. येते. धट्टाकट्टा गडी कोपराने वाट काढून आत शिरतो. म्हातारी खालीच राहते. मुळांच्या दारात पालाश हा तसा गडी. तो फार झाला की मॅग्नेशियम जमिनीत असूनही वेलीत शिरत नाही. मग जुनी पाने शिरांच्या मधे पिवळी पडतात. शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. कॅल्शियम देठाचा बांधा पक्का ठेवते. तेही मागे पडते.

पालाश वाईट नव्हे. मण्यात गोडी भरायला तो लागतोच. पण शेजाऱ्याने दोन पोती टाकली म्हणून आपण तीन टाकायची, हा कुठला हिशेब? गोडीसाठी टाकलेल्या खताने मणी आंबट राहायचे!

म्हणून परीक्षण करा. फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरचे पान तोडा. पान टाकून द्या, त्याचा देठ तेवढा ठेवा. एका कोपऱ्यातले देठ घेऊ नका, सबंध बागेत फिरून गोळा करा. कागदी पिशवीत घालून प्रयोगशाळेत द्या. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र सुरू झाले. तिथे या विषयाचे जाणकार आहेत.

मॅग्नेशियम कमी निघाले तर मॅग्नेशियम सल्फेट फवारतात. पाणी उतरू लागताच ते घडांवर पडले पाहिजे. काही बागांत गुण येतो, काहींत येत नाही. वाळलेला देठ मात्र पुन्हा हिरवा होत नाही. ती पाकळी कात्रीने काढून टाका.

आणि आता तुम्हाला लिहिता येते. कोणते खत, किती, कोणत्या तारखेला टाकले, ते वहीत मांडा. सल्ला विचारायला जाल तेव्हा अहवालाबरोबर ती वहीही न्या.