पेढीचे ई-मेल परत का येतात?

गेल्या काही वर्षांत आपल्या सभासद बंधूंच्या बोलण्यात एक तक्रार वारंवार येते. भावपत्रक अथवा बिल ई-मेलने रवाना होते, परंतु समोरच्या पेढीस ते मिळत नाही. सकाळी दिलेला तुरीचा भाव गिऱ्हाइकास सायंकाळी स्पॅमच्या खणात सापडला, तर तोवर सौदा दुसरीकडे झालेला असतो. पुष्कळजण इंटरनेटला दोष देतात. वस्तुतः बहुधा पेढीच्या डोमेनची पत खालावलेली असते.

ई-मेलच्या पत्त्यात ‘ॲट’ या चिन्हापुढे जे नाव येते, ते डोमेन. जीमेलसारख्या सेवा या नावाचे जणू खातेच ठेवतात. त्या नावाने आलेले टपाल लोक वाचतात की स्पॅम ठरवितात, किती पत्ते बंद पडलेले निघतात, पाठविणाऱ्याची ओळख पटते की नाही, हे सर्व त्यात जमा होते. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शाहासच मिळत. अनोळखी इसमास मिळत नसत, मग हुंडी कितीही खरी असो. येथेही तोच न्याय आहे.

प्रथम परत आलेला मजकूर वाचावा. तो इंग्रजीत असल्याने मुनीम बहुधा न वाचताच पुसून टाकतात. पण निदान त्यातच असते. आकडा ४ ने सुरू होत असेल तर अडथळा तात्पुरता, ५ ने होत असेल तर टपाल नाकारलेले. जीमेलकडून ५५० सोबत ५.७.२६ आला, तर ओळख पटलेली नाही. ५.७.१ आणि त्यासोबत डोमेनची पत फार कमी असल्याचे वाक्य आले, तर दुखणे खोल आहे.

ओळखीसाठी डोमेनच्या डीएनएस नोंदींत तीन गोष्टी लागतात. एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने टपाल पाठविण्याची मुखत्यारी ज्या सर्व्हरांना दिली त्यांची यादी. डीकेआयएम ही प्रत्येक पत्रावरील मोहोर. वाटेत मजकूर बदलल्यास ती जुळत नाही. डीमार्क हा समोरच्यास दिलेला निर्देश: ओळख न पटल्यास पत्र स्वीकारावे, बाजूला ठेवावे की परत करावे. जीमेलच्या वापरकर्त्यांना दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे पाठविणाऱ्यांस फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही सक्तीची आहेत. लहान पेढीनेही ती करून घ्यावीत. नेहमीचा दोष एसपीएफमध्ये सापडतो. बिले पाठविणारी नवी हिशेबप्रणाली घेतली जाते, पण तिचा सर्व्हर यादीत घातला जात नाही. किंवा एकाच डोमेनला दोन एसपीएफ नोंदी केल्या जातात व दोन्ही निष्फळ ठरतात. डीमार्क नसल्यास एखादा भामटा ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असे पत्र आपल्या नावाने गिऱ्हाइकास धाडू शकतो. मला हा धोका टपाल अडण्याहून मोठा वाटतो.

ओळख पटूनही टपाल अडत असेल, तर आपली रीत तपासावी. पर्युषणानंतरचे क्षमापनेचे संदेश व दिवाळीच्या शुभेच्छा वर्षानुवर्षे जमविलेल्या सर्व पत्त्यांवर एकाच दिवशी जातात. त्यांतील कित्येक पेढ्या बंद झालेल्या असतात, कित्येकांस आपले नावही आठवत नाही, आणि ते स्पॅमचे बटण दाबतात. क्षमा मागणाऱ्या पत्रानेच पत जावी, हे मोठे विचित्र! गूगलच्या सूचनेनुसार अशा तक्रारी हजार पत्रांमागे एकाहून कमी असाव्यात व तीनपर्यंत कधीही पोहोचू नयेत.

तेव्हा घाऊक टपाल तत्काळ थांबवावे आणि सर्व पासवर्ड बदलावेत, कारण एखाद्या खात्यातून परभारे टपाल जात असण्याचाही संभव असतो. मेलेले पत्ते काढून काही आठवडे केवळ नित्य उत्तर देणाऱ्या गिऱ्हाइकांसच लिहावे. कोणी नवे डोमेन घेण्याचा सल्ला देतात. मला तो पटत नाही. नव्या नावास पूर्वेतिहास नसल्याने त्यावरही संशय येतो, आणि बिलबुकांवर छापलेले नाव विनाकारण सोडावे लागते. भावपत्रकांसाठी मात्र वेगळे उपडोमेन ठेवणे हिताचे.

आपले नाव स्पॅमहॉस या संस्थेच्या यादीत चढले आहे काय, हे तिच्या संकेतस्थळावर पाहता येते. मूळ दोष दूर केल्यावरच ते काढण्याची विनंती करावी. त्याबद्दल ती संस्था शुल्क आकारीत नाही; मध्यस्थ कोणी पैसे मागू लागल्यास देऊ नयेत.