ठेकेदाराच्या बिलातून राखून ठेवलेली रक्कम कोणाची?



भक्तनिवासाच्या बांधकामाचा जमाखर्च वार्षिक सभेपुढे ठेवला असता ताळेबंदातील 'ठेकेदार राखीव रक्कम, रु. २,००,०००' या एकाच ओळीवर बरीच विचारणा झाली. काम पूर्ण झाले असता हे पैसे अद्याप का दिले नाहीत, असे काहींनी विचारले. उलटपक्षी, ट्रस्टच्या खात्यात पडूनच आहेत तर ते सभामंडपाच्या रंगकामास का वापरू नयेत, अशीही सूचना आली. सभेत चार वाक्यांत उत्तर देऊन समाधान होण्यासारखे नव्हते. म्हणून बांधकाम कंपन्यांच्या देण्याघेण्याची रीत येथे सविस्तर देत आहोत.

बांधकाम हा मुळात उधारीचा धंदा आहे. कंपनी आधी साहित्य आणते, मजूर लावते, काम उभे करते. महिनाअखेर झालेल्या कामाची मापे मोजमाप-पुस्तकात उतरतात, अभियंता ती तपासतो आणि मग चालू बिल मालकाच्या हाती येते. ते मंजूर होऊन पैसे मिळेपर्यंत आणखी काही आठवडे जातात. म्हणजे आज रचलेल्या विटेचे पैसे कंपनीस दीड-दोन महिन्यांनी दिसतात. एवढा काळ कोणाचा तरी पैसा अडकून राहणारच. तो कोणाचा अडकतो, हे ज्याच्या त्याच्या वजनावर ठरते. सिमेंटचा विक्रेता उधारी मोजकीच देतो. लोखंडाचा व्यापारी देतो, पण दिवस मोजून व्याज लावतो. मात्र आपल्या बडोद्याकडे ओरसंगची रेती आणणारा ट्रकमालक, वीटभट्टीवाला, जाळ्या-कठडे करणारा कारखानदार यांच्या शब्दाला तितके वजन नसते. त्यांना साठ-नव्वद दिवस थांबविणे सहज शक्य असते, आणि ते थांबतातही. पुष्कळ करारांत तर 'मालकाकडून पैसे आल्यावर देऊ' असे कलमच असते. इंग्लंडमध्ये अशा कलमांना १९९६ च्या कायद्याने, मालकाचे दिवाळे निघण्याचा प्रसंग वगळता, मनाई केली. आपल्याकडे अशी सरसकट मनाई नाही.

तथापि लहान उद्योगांस संरक्षण देणारा कायदा आपल्याकडेही आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म वा लघु उद्योगाचा माल स्वीकारल्यावर ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात, आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरविता येत नाही. मुदत ठरलीच नसेल तर १५ दिवस. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, तेही दरमहा चक्रवाढ, व्याज द्यावे लागते. म्हणजे बँक दर ६ टक्के असेल तर व्याज १८ टक्के. पुढे २०२३ च्या वित्त कायद्याने आणखी एक पाऊल टाकले. या मुदतीबाहेर राहिलेले देणे, प्रत्यक्ष दिल्याशिवाय, आयकराच्या हिशेबात खर्च म्हणून धरता येणार नाही, अशी तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. यात एक मेख आहे, ती आमच्याही उशिरा ध्यानात आली. हे संरक्षण नोंदणीकृत उत्पादकास व सेवा देणाऱ्यास आहे. तयार माल आणून विकणाऱ्या व्यापाऱ्यास नाही. नोंदणी असलेल्या वीटभट्टीवाल्यास व्याज मागता येते, सिमेंटच्या दुकानदारास नाही. शिवाय ज्याला पुढचे कामही त्याच कंपनीकडून हवे आहे, तो व्याज मागण्यास सहसा धजत नाही.

आता राखीव रकमेकडे येऊ. व्यवहारात तिला 'रिटेन्शन' म्हणतात. १८४० च्या दशकात ब्रिटनमध्ये रेल्वेमार्गांची एकच घाई उडाली होती व नवखे ठेकेदार कामे अर्धवट टाकून जात. त्या काळापासून ही प्रथा रुळली असे मानले जाते. प्रत्येक बिलातून ठराविक टक्के, बहुधा पाच ते दहा, कापून ठेवावयाचे. काम पूर्ण होताच निम्मे द्यावयाचे. उरलेले निम्मे दोषदायित्वाचा काळ संपल्यावर. आपल्या भक्तनिवासाचे काम ८० लाखांचे. पाच टक्क्यांप्रमाणे ४ लाख राखले गेले, काम ताब्यात घेताना २ लाख दिले, राहिले २ लाख. ही मुदत बारा महिन्यांची आहे व तिच्यात एक पूर्ण पावसाळा येतो. गच्ची कशी झाली हे ऑगस्टशिवाय कळत नाही, हे अनुभवी सभासदांस सांगणे नलगे. काही दोष आढळल्यास ठेकेदारास लेखी कळवावयाचे. त्याने दुरुस्त केला नाही तरच दुसऱ्याकडून करून घ्यावयाचा आणि झालेला खर्च पावतीनिशी वजा करावयाचा. राखीव रक्कम हा दंड नव्हे, सवलत तर नव्हेच.

ठेकेदार हीच कपात आपल्या उपठेकेदारांकडून करतो, आणि खरा जाच तेथे होतो. पायाचे खोदकाम करणारा पहिल्याच महिन्यात काम संपवून जातो. इमारतीस दीड वर्ष लागले व त्यापुढे दोषदायित्वाचे एक वर्ष धरले, तर त्याचे शेवटचे पैसे सुमारे अडीच वर्षांनी सुटतात. तोवर त्याच्या खड्ड्यात काही दोष शोधावयाचा म्हटले तरी तो इमारतीखाली गाडला गेलेला! शंभर रुपयांच्या कामात त्यास दहा रुपये सुटत असतील तर पाच रुपये अडकणे म्हणजे निम्मा नफा अडकणे होय. काही कंपन्या राखीव रकमेऐवजी बँक हमी स्वीकारतात, परंतु हमीसाठी बँक कमिशन घेते व तारणही मागते. लहान माणसाला ते परवडत नाही.

आणि मधली कंपनीच बुडाली तर? जानेवारी २०१८ मध्ये ब्रिटनमधील कॅरिलियन ही प्रचंड बांधकाम कंपनी कोसळली, तेव्हा तिच्याकडे अडकलेल्या हजारो पुरवठादार व उपठेकेदारांच्या पैशांत राखीव रकमाही होत्या. त्या वेगळ्या ठेवलेल्या नव्हत्या. कंपनीच्या रोजच्या खर्चात मिसळून गेल्या होत्या. न्यूझीलंडमध्ये २०१३ साली मेनझील कंपनी बुडाल्यावर तेथील संसदेने कायदा बदलला. ३१ मार्च २०१७ पासूनच्या करारांत राखीव रक्कम ही ज्याची त्याची म्हणून, विश्वस्त या नात्याने सांभाळावी लागते, आणि २०२३ च्या दुरुस्तीने ती स्वतंत्र बँक खात्यात ठेवण्याचे बंधनही आणले. आपल्याकडे घर घेणाऱ्यांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती २०१६ च्या रेरा कायद्याने केली, परंतु ठेकेदाराच्या राखीव रकमेसाठी तसे बंधन नाही.

आम्ही हे सारे लिहावयास बसलो त्यास आणखी एक निमित्त आहे. भक्तनिवासाच्या जिन्याचे कठडे करणारे कारागीर गेल्या महिन्यात दोनदा कार्यालयात येऊन बसले. ट्रस्टने कंपनीची बिले वेळेवर दिली होती. कंपनीने त्यांचे दिले नव्हते. त्यांचा करार कंपनीशी, आमच्याशी नाही, त्यामुळे कायद्याने आम्ही त्यांचे देणेकरी ठरत नाही. पण कठड्याला हात लावून भाविक जिना चढत असताना एवढे उत्तर त्यांच्या तोंडावर देणे आम्हांस जड गेले. चहा घेऊन ते निघून गेले.

म्हणून विश्वस्त मंडळाने ठरविले आहे की, राखीव २ लाख रुपये स्वतंत्र खात्यात वर्ग करावेत व मुदत संपेपर्यंत अन्य कोणत्याही कामास वापरू नयेत. कंपनीशी बोलणे होऊन, ही रक्कम घेण्यापूर्वी उपठेकेदार व पुरवठादारांची 'येणे बाकी नाही' अशी पत्रे सादर करण्याचे तिने मान्य केले आहे. कठड्यांच्या कारागिरांचे पत्र त्यांत असलेच पाहिजे, असे आम्ही कळविले आहे. यापुढील करारांत हे कलम आरंभापासूनच राहील, आणि खोदकामासारख्या आधी संपणाऱ्या कामांची राखीव रक्कम ते ते काम तपासून झाल्यावर सुटी करावी, अशीही अट घातली जाईल. सभामंडपाच्या रंगकामासाठी निराळी वर्गणी काढण्यात येत असून तिचा तपशील सूचनाफलकावर लावला आहे.